वाचनालयातील सात संगणक डेबियन १२ वर नेताना : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

वाचनालयातील सातही संगणकांवर २०२२ सालापासून डेबियन या मुक्त लिनक्स संगणक-प्रणालीची ११ वी, म्हणजे ‘बुलसाय’ ही आवृत्ती चालू आहे. तिची नियमित सुरक्षा-देखभाल गेल्या १४ ऑगस्टला संपली असून पुढचे काम दीर्घकालीन देखभाल करणाऱ्या गटाकडे गेले आहे. त्याचीही मुदत ३१ ऑगस्ट २०२६ रोजी संपेल. तेव्हा आज आभाळ कोसळलेले नाही. पण वाचक याच संगणकांवरून परीक्षांचे अर्ज भरतात आणि काही जण बँकेचे व्यवहारही करतात, त्यामुळे मुदतीच्या अगदी काठापर्यंत थांबणे मला पटत नाही. दिवाळीनंतरचे शनिवार-रविवार, दुपारी एकनंतर, या कामासाठी वापरण्यास कार्यकारी मंडळाने मान्यता दिली आहे. योगायोगाने डेबियन १२, म्हणजे ‘बुकवर्म’, हिची १२.८ ही सुधारित आवृत्ती आजच प्रसिद्ध झाली.

संगणक १ ते ४ वाचकांसाठी आहेत, ५ आणि ६ स्कॅनिंगच्या खोलीत आहेत व ७ देवघेवीच्या काउंटरवर आहे. इंटरनेट मोबाइल राउटरवरून येते आणि त्याला दिवसाला दोन जीबीची मर्यादा आहे. मदतीला महाविद्यालयातील दोन विद्यार्थी आहेत.

सर्व काम टर्मिनलवरूनच, म्हणजे कमांड टंकून, करायचे ठरवले आहे. माउसने केलेले काम दुसऱ्या संगणकावर तसेच्या तसे पुन्हा करता येत नाही आणि आठवड्याने नेमके काय केले ते सांगताही येत नाही. कमांड मात्र वहीत लिहून ठेवता येते, दुसऱ्याला वाचून दाखवता येते आणि सात ठिकाणी अक्षर न बदलता देता येते. ही वही ग्रंथपाल मॅडमना आणि पुढे येणाऱ्या मदतनिसांनाही वाचता यावी म्हणून कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. त्यांचे रोमन लिपीतील नेमके रूप प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवलेल्या कागदावर आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

आज एकही पॅकेज (सॉफ्टवेअरचा बसवण्याजोगा गठ्ठा) बसवले नाही, काढलेही नाही. केवळ मोजदाद केली, आणि माझ्या मते या सबंध प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच ठरेल.

संगणक ५ वर ‘डीपीकेजी -एल’ दिल्यावर एकूण १,६४८ पॅकेजे दिसली. त्याच संगणकावर ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ दिल्यावर यादी केवळ १२७ नावांची आली. विद्यार्थ्यांनी साहजिकच विचारले, “सर, मग उरलेली दीड हजार कुणी बसवली?” याचे उत्तर नीट समजले तर पॅकेज व्यवस्थापनातले अर्धे कोडे सुटते. डीपीकेजी हा खालच्या थरातला कार्यक्रम आहे. कोणते पॅकेज, कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या अवस्थेत आहे, एवढेच तो ‘स्टेटस’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो; ते का आले याच्याशी त्याचा संबंध नसतो. वरच्या थरातला ॲप्ट हा डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजला चालायला लागणारी इतर पॅकेजे, शोधून आणतो, आणि जे पॅकेज आपण नाव घेऊन मागितले नव्हते, केवळ दुसऱ्याच्या गरजेपोटी आले, त्याच्या नावापुढे ‘आपोआप बसवले’ अशी खूण ‘एक्स्टेंडेड स्टेट्स’ या वेगळ्या फाइलमध्ये करतो. अशी खूण ज्याच्यापुढे नाही ते पॅकेज माणसाने मागितलेले, असे तो धरून चालतो.

ग्रंथपाल मॅडमना हे सांगताना दाखल नोंदवही समोरच उघडी होती. तिच्यात प्रत्येक पुस्तकापुढे ‘खरेदी’ की ‘देणगी’ असा रकाना असतो. त्या म्हणाल्या, “तो रकाना कोरा राहिला की पुढे पुस्तक बाद करताना पंचाईत होते. कुणाला विचारायचं तेच कळत नाही.” आपल्या संगणकांवर नेमके हेच झाले आहे. १२७ पैकी ४० नावे तरी अशी आहेत की ती कुणी आणि कशासाठी मागितली हे आज कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून सातही संगणकांच्या मागणी-याद्या, म्हणजे ‘शोमॅन्युअल’च्या याद्या, काढून छापल्या आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलने कारण लिहिण्यास सुरुवात केली. जिथे आठवत नव्हते तिथे ‘हिस्टरी.लॉग’ ही ॲप्टची नोंदफाइल उघडली. ती प्रत्येक वेळची सुरुवातीची तारीख, दिलेली अख्खी कमांड आणि त्यामुळे आलेली-गेलेली पॅकेजे क्रमाने ठेवते. दर महिन्याला ती गुंडाळून बाजूला ठेवली जाते आणि ठरावीक काळानंतरच्या जुन्या फाइली पुसल्या जातात, त्यामुळे २०२२ सालातले धागेदोरे आता सापडले नाहीत. पुढे असे होऊ नये यासाठी या फाइलींची प्रत दर महिन्याला बाहेर काढून ठेवायची आहे.

शेवटी ‘डीपीकेजी --ऑडिट’ आणि ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ या दोन तपासण्या केल्या. अर्धवट बसलेले किंवा एकाच आवृत्तीवर अडवून ठेवलेले पॅकेज कुठेच निघाले नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दिवसाला दोन जीबीच्या मर्यादेत सात संगणकांनी प्रत्येकी सव्वा जीबी खेचणे परवडणारे नाही. म्हणून संगणक ७ वर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवला. तो ३१४२ या पोर्टवर ऐकतो. एका संगणकाने मागितलेले पॅकेज तो बाहेरून आणून देतो आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवतो, त्यामुळे दुसऱ्याने तेच मागितले की ते खोलीतल्या खोलीत मिळते. बाकीच्या सहा संगणकांवर प्रॉक्सीची, म्हणजे संगणक ७ मार्फत मागवण्याची, एक ओळ असलेली छोटी फाइल ‘ॲप्ट.कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये टाकली, एवढेच काम.

विद्यार्थ्यांपैकी एकीने इथे रास्त शंका काढली : मधल्या संगणकाने भेसळ केलेले पॅकेज पुढे दिले तर? शंका इतकी चांगली होती की अर्धा तास तीवरच घालवला. रिपॉझिटरी म्हणजे पॅकेजांचे इंटरनेटवरचे भांडार. तिच्या दारात ‘इनरिलीज’ नावाची फाइल असते आणि तिच्यावर डेबियनची डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या याद्यांचे शा-२५६ ठसे (मजकुरावरून गणिताने काढलेली, त्याची ओळख पटवणारी अंकमाला) असतात आणि त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजच्या फाइलचा शा-२५६ ठसा व आकार असतो. सही पडताळण्याची किल्ली आपल्या संगणकावर ‘डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग’ या पॅकेजमधून आधीच आलेली असते. म्हणजे पॅकेज कोणत्या वाटेने आले याला महत्त्व नाही. साखळीतला एक ठसा चुकला तरी ॲप्ट ते नाकारतो. आम्ही हे करूनही पाहिले. कॅशेमधील, म्हणजे संगणक ७ वरच्या साठ्यातील, एका लहानशा पॅकेजच्या मध्यावर एकच बाइट बदलला आणि संगणक १ वरून ते मागवले. ठसा जुळत नसल्याचा संदेश आला आणि काम तिथेच थांबले. नंतर ती फाइल कॅशेतून काढून टाकली.

याच साखळीमुळे आधी बुलसाय पूर्ण अद्ययावत करणे आवश्यक आहे, कारण बुकवर्मच्या किल्ल्या बुलसायच्या नंतरच्या सुधारणांमधून येतात. तो टप्पा वगळून पुढे उडी मारली तर नव्या किल्लीने केलेली सही ओळखता येत नाही, आणि मग लोक सही तपासणेच बंद करण्याचा मार्ग धरतात. तो मार्ग इथे कोणीही धरू नये.

१७ नोव्हेंबर, रविवार

सहा संगणकांवर ‘ॲप्ट अपडेट’ (याद्या ताज्या करणे) आणि ‘ॲप्ट अपग्रेड’ (पॅकेजे पुढच्या आवृत्तीवर नेणे) सुरळीत झाले. संगणक ४ मात्र अडून बसला. सुरक्षा-रिपॉझिटरीची रिलीज फाइल अद्याप ग्राह्य नाही, ती आणखी सुमारे वीस दिवसांनी ग्राह्य होईल, असा संदेश तो देत होता. आम्ही आधी प्रॉक्सी तपासली, मग केबल तपासली, मग कॅशे रिकामा केला, आणि यात पाऊण तास गेला. उत्तर मात्र पडद्याच्या कोपऱ्यातच होते. तिथे तारीख २६ ऑक्टोबर होती.

मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. अशा वेळी घड्याळ कित्येक वर्षे मागे जायला हवे. पण सिस्टमडी या संगणक सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या कार्यक्रमाची वेळ जुळवणारी सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर जपून ठेवते आणि सुरू होताना निदान तिथून पुढे मोजू लागते. दिवाळीपूर्वी हा संगणक ज्या दिवशी बंद केला, त्याच दिवसात तो जागा झाला होता. इंटरनेटवरून वेळ जुळवता आली असती, परंतु आपल्या राउटरवर संकेतस्थळांखेरीज इतर वाहतूक अडवलेली आहे.

तारखेची तपासणी बंद करण्याचा पर्याय ॲप्टमध्ये आहे आणि एका विद्यार्थ्याने तो शोधूनही काढला. मी तो वापरू दिला नाही. सुरक्षा-रिपॉझिटरीच्या फाइलवर ‘या तारखेपर्यंतच ग्राह्य’ अशी दुसरी मर्यादाही असते, आणि ती तिथे कारणाने घातलेली आहे : कोणी महिन्यापूर्वीची, खरीखुरी सही असलेली यादी पुन्हा पुढे केली, तर सही बरोबर निघेल, पण मधल्या काळातल्या दुरुस्त्या आपल्यापर्यंत पोहोचणार नाहीत. तारखांची ही चौकट त्या फसवणुकीपासून आपले रक्षण करते. सीआर २०३२ जातीची बॅटरी घड्याळजीच्या दुकानातून आणली, बसवली, वेळ लावली आणि ‘ॲप्ट अपडेट’ पहिल्याच फटक्यात झाले. राउटरवर वेळेच्या सेवेसाठी वाट मोकळी करण्याचे काम बाकी यादीत लिहिले.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानामुळे वाचनालयाला सुटी होती. मतदान करून दुपारी आलो आणि संगणक १ बुकवर्मवर नेला.

‘सोर्सेस.लिस्ट’ या रिपॉझिटरींच्या यादीतील ‘बुलसाय’ या शब्दाच्या जागी ‘बुकवर्म’ घातला. बुकवर्मपासून हार्डवेअरला लागणारे मालकी (मुक्त नसलेले) फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, ‘नॉन-फ्री’मधून काढून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या नव्या विभागात ठेवले आहे. तो शब्द ओळीत घालायला विसरलो असतो तर वायफाय कार्डाचे फर्मवेअर पुढे कधीच अद्ययावत झाले नसते आणि कोणताही गोंगाट न होता हे घडले असते, म्हणून हा मुद्दा कागदावर लाल शाईने लिहिला आहे.

खरी कमांड देण्यापूर्वी ‘ॲप्ट -एस फुल-अपग्रेड’ अशी रंगीत तालीम घेतली. यात काहीही बदलत नाही, केवळ काय घडेल ते छापले जाते. ती यादी वाचताना नवीन येणाऱ्या पॅकेजांपेक्षा काढल्या जाणाऱ्या पॅकेजांवर नजर ठेवावी. बावीस नावे निघाली. त्यांतली बहुतेक जुन्या लायब्ररी आणि पायथन २.७ चे अवशेष होती, आणि बुकवर्ममध्ये पायथन २ नाहीच. पेन्सिलच्या यादीतले एकही नाव त्यांत नव्हते.

त्यानंतर आधी ‘ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’ आणि मग ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ असे दोन टप्प्यांत काम केले. पहिल्या टप्प्यात नवे पॅकेज न आणता व जुने न काढता जेवढे पुढे नेता येईल तेवढेच पुढे नेले जाते. गुंता कमी झाल्यावर दुसरा टप्पा उरलेले सोडवतो. बाहेरून सव्वा जीबी यायला तीन तास लागले. रात्री आठला संगणक ६.१ कर्नेलवर, म्हणजे प्रणालीच्या नव्या गाभ्यावर, सुरू झाला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

संगणक ५ ची पॅकेजे कॅशेतून नऊ मिनिटांत आली. बुधवारच्या तीन तासांचे चीज झाले.

पण स्कॅनिंगची स्क्रिप्ट बंद पडली. जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून, त्यांवरचे डाग काढून, टेसरॅक्टकडे मराठी अक्षर-ओळखीसाठी देणारी ही पायथन स्क्रिप्ट दोन वर्षे विनातक्रार चालली होती. आज तिने प्रतिमांवर काम करणारे मॉड्यूलच (तयार कोडचा भाग) सापडत नसल्याचे सांगितले. कारण असे की २०२२ मध्ये ती मॉड्यूले मीच ‘सुडो पिप’ने, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या बसवणाऱ्या कार्यक्रमाने प्रशासकाचे अधिकार वापरून, थेट सिस्टीममध्ये बसवली होती. ती पायथन ३.९ च्या फोल्डरमध्ये पडून आहेत आणि बुकवर्मचा पायथन ३.११ आहे, तो त्या फोल्डरकडे पाहतच नाही. डीपीकेजीच्या नोंदींत या मॉड्यूलांचा उल्लेखच नसल्याने तालमीच्या यादीतही ती दिसली नव्हती. नोंदीबाहेर ठेवलेल्या वस्तूची काळजी कोणीच घेत नाही, आणि ही नोंद चुकवणारा मीच होतो.

सवयीने पुन्हा तीच पिपची कमांड दिली तेव्हा बुकवर्मने ती नाकारली. हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित आहे, असा त्याचा संदेश होता. पायथनच्या फोल्डरमध्ये आता त्या अर्थाची खूणफाइल असते आणि ती असेपर्यंत पिप तिथे हात घालत नाही. पायथनच्या पेप ६६८ या प्रस्तावातून आलेली ही व्यवस्था डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून लागू केली. ती मोडून काढणारा पर्यायही आहे, आणि त्याच्या नावातच ‘सिस्टीमची पॅकेजे मोडा’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. ही अडवणूक मला मनापासून योग्य वाटते. ॲप्ट आणि पिप हे दोघे एकाच कपाटात, एकमेकांना न सांगता पुस्तके लावू लागले, तर आज ना उद्या एक दुसऱ्याच्या पुस्तकावर आपले पुस्तक ठेवणारच.

उपाय असा केला. पिलो आणि ओपनसीव्ही ही मॉड्यूले डेबियनच्या स्वतःच्या पॅकेजांतून, ‘पायथन३-पिल’ आणि ‘पायथन३-ओपनसीव्ही’ या नावांनी बसवली. तिरके पान सरळ करणारे एक छोटे मॉड्यूल रिपॉझिटरीत मिळाले नाही. त्याच्यासाठी ‘पायथन३-व्हेन्व’ बसवून स्क्रिप्टच्या फोल्डरात वेगळे आभासी वातावरण तयार केले आणि सिस्टीमची मॉड्यूले त्याला दिसतील असा पर्याय दिला. त्यातल्या मॉड्यूलांची नावे व आवृत्त्या ‘रिक्वायरमेंट्स’ फाइलमध्ये उतरवल्या. जुने ३.९ चे फोल्डर नाव बदलून ठेवले आहे, महिन्याभराने पुसायचे.

संध्याकाळी पहिले पान गेले. टेसरॅक्ट ४.१ वरून ५.३ वर आला आहे. एकाच पानावरून आवृत्तीची तुलना करणे बरोबर नाही, तरी जोडाक्षरे पाहून मॅडमच्या चेहऱ्यावर आलेले समाधान नोंदवून ठेवतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

संगणक ६ चे फुल-अपग्रेड साधारण निम्म्यावर असताना, दुपारी पावणेतीनला, वीज गेली. यूपीएसने दोन मिनिटेही तग धरला नाही. तो आपण आधी तपासायला हवा होता.

साडेचारला वीज आली. संगणक सुरू झाला, पण चित्रमय पडदा आला नाही. काळ्या पडद्यावर लॉगिन करून ‘ॲप्ट’ दिल्यावर डीपीकेजीचे काम मध्येच तुटले आहे, आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा, असे त्याने सांगितले. विद्यार्थी घाबरले होते आणि सगळे पुसून नव्याने बसवूया असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांना थांबवून ‘डीपीकेजी -एल’ची यादी पुन्हा पाहायला लावली, या वेळी पहिल्या रकान्यातली दोन अक्षरे वाचत. ‘आयआय’ म्हणजे पॅकेज हवे आहे आणि नीट बसले आहे. ‘आययू’ म्हणजे फाइली जागेवर उलगडल्या आहेत, पण कॉन्फिगर व्हायचे आहे. ‘आयएफ’ म्हणजे कॉन्फिगर करताना बिनसले. डीपीकेजी प्रत्येक पॅकेज या पायऱ्यांनी वर नेतो आणि प्रत्येक पायरी चढताच ती लिहून ठेवतो. शिवाय नवी फाइल आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहून मगच जुनीच्या जागी आणतो. त्यामुळे वीज जाते तेव्हा तो कुठवर आला होता हे त्याच्या वहीत असते. आपल्या यादीत ३१२ पॅकेजे ‘आययू’ होती.

‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ने त्यांतली बहुतेक पार केली. काहींची डिपेंडन्सी अजून उलगडलीच नव्हती, म्हणून ती मागे राहिली. त्यांच्यासाठी ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ दिले तेव्हा डेटाबेस वाचतानाच काम बंद पडले : ‘लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर’ या पॅकेजच्या फाइल-यादीत शेवटची ओळ पूर्ण नाही, असा संदेश आला. हे लिब्रेऑफिसच्या मराठी रूपाचे पॅकेज. डीपीकेजीच्या ‘इन्फो’ फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजची कोणती फाइल कुठे ठेवली याची यादी असते. आम्ही ती उघडली. एकामागून एक व्यवस्थित मार्ग लिहिलेले होते आणि शेवटचा मार्ग अर्ध्या शब्दात थांबला होता. वीज गेली तो क्षण जणू तिथे दिसत होता. अशी एक यादी तुटली तरी डीपीकेजी पुढे जात नाही, कारण नवे पॅकेज दुसऱ्याच्या फाइलीवर बसत नाही ना, हे तपासायला त्याला सगळ्या याद्या लागतात.

ती तुटकी यादी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली. या पॅकेजच्या फाइली बसलेल्याच नाहीत असे धरतो, अशी सूचना देऊन डीपीकेजी पुढे सरकला. मग ‘ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ने ते पॅकेज पुन्हा बसवले, यादी नव्याने लिहिली गेली, आणि उरलेले फुल-अपग्रेड पूर्ण झाले. रात्री साडेआठला ‘डीपीकेजी --ऑडिट’ने एक अक्षरही छापले नाही. लिब्रेऑफिस रायटर उघडून मराठी मेनू पाहिले आणि घरी गेलो.

यूपीएसची बॅटरी बदलल्याशिवाय पुढचा संगणक हाती घ्यायचा नाही, असे ठरले. तसेच लांब चालणारी कमांड टीमक्सच्या सत्रात द्यावी, म्हणजे दूरच्या संगणकावरून केलेली जोडणी तुटली तरी काम चालू राहते. विजेपुढे त्याचा उपयोग नाही, पण आपले वायफाय विजेइतकेच बेभरवशाचे आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

यूपीएसला नवी बॅटरी आली. आज संगणक ५ आणि ६ वरच्या एका इशाऱ्याचा छडा लावला. स्कॅनरच्या उत्पादकाची स्वतंत्र रिपॉझिटरी २०२२ मध्ये जोडलेली होती आणि तिची किल्ली ‘ट्रस्टेड.जीपीजी’ या जुन्या समाईक जुडग्यात पडली असल्याचे ‘ॲप्ट अपडेट’ प्रत्येक वेळी सांगत होते.

इशारा पिवळा आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. समाईक जुडग्यातली किल्ली कोणत्याही रिपॉझिटरीसाठी चालते. म्हणजे स्कॅनरच्या ड्रायव्हरसाठी घेतलेल्या किल्लीची सही ॲप्ट जवळपास प्रत्येक कार्यक्रमाला लागणाऱ्या सी-लायब्ररीच्या पॅकेजसाठीही मान्य करील, आणि पॅकेजमधील स्क्रिप्ट तर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतात. ‘ॲप्ट-की’ ही कमांड यासाठीच मोडीत काढली जात आहे. किल्ली ‘कीरिंग्ज’ फोल्डरमध्ये वेगळी ठेवून रिपॉझिटरीच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ने तिच्याशीच बांधणे ही आजची रीत आहे. शिवाय प्राधान्याची फाइल लिहून बाहेरच्या रिपॉझिटरीला पाचशेच्या नेहमीच्या पातळीखाली, शंभरवर ठेवता येते, म्हणजे तिच्यातले पॅकेज डेबियनच्या पॅकेजला मागे सारत नाही.

हे सगळे करून झाल्यावर मॅडमनी विचारले, की तो ड्रायव्हर अजून लागतोच का? बुकवर्ममधील ‘सेन-एअरस्कॅन’ने स्कॅनर जाळ्यावर आपोआप ओळखला, तीनशे डीपीआयला दहा पाने बिनचूक काढली, आणि आम्ही ड्रायव्हर, रिपॉझिटरी व किल्ली तिन्ही काढून टाकली.

१ डिसेंबर, रविवार

संगणक ५ वर ‘ओसीआरमायपीडीएफ’ (स्कॅनमधून शोधता येणारी पीडीएफ बनवणारा कार्यक्रम) आता वापरात नाही म्हणून एका विद्यार्थ्याने तो काढला आणि नेहमीप्रमाणे ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ दिले. होय म्हणण्यापूर्वी त्याने यादी मोठ्याने वाचली, आणि ‘अनपेपर’ हे नाव येताच दुसरीने हाताने थांबवले. अनपेपर म्हणजे स्कॅन केलेल्या पानाच्या कडेचा काळा पट्टा आणि ठिपके पुसणारा कार्यक्रम. आपली स्क्रिप्ट प्रत्येक पानामागे त्याला हाक मारते. पण तो कोणी नाव घेऊन मागितलेला नव्हता. ओसीआरमायपीडीएफच्या शिफारशीने तो सोबत आला होता आणि त्याच्यापुढे ‘आपोआप’ची खूण होती. मागणारा गेल्यावर ॲप्टच्या दृष्टीने त्याला ठेवण्याचे कारण उरले नाही. ॲप्टचे यात काहीच चुकले नाही. आपण आपले कारण त्याला सांगितले नव्हते.

‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल अनपेपर’ दिले. ऑटोरिमूव्हच्या यादीतून नाव गेले. नंतर स्क्रिप्ट ओळीओळीने वाचून ती बाहेरचे कोणते कार्यक्रम चालवते ते काढले, ‘डीपीकेजी -एस’ने प्रत्येकाचे पॅकेज शोधले, आणि आणखी दोन पॅकेजांना तीच खूण केली. दोन्ही संगणकांवरच्या पेन्सिलच्या याद्या सुधारल्या.

यादी मोठ्याने वाचण्याची पद्धत या मुलांनी स्वतः पाडून घेतली आहे. ती चालू राहावी.

८ डिसेंबर, रविवार

काल आणि आज मिळून संगणक २, ३, ४ आणि ७ पूर्ण झाले. सांगण्यासारखे फारसे घडले नाही. संगणक ७ वर छपाईच्या सेवेची एक कॉन्फिगरेशन फाइल आपण बदललेली होती, म्हणून डीपीकेजीने थांबून विचारले, की पॅकेजमधली नवी घ्यावी की आपली ठेवावी. ‘डी’ दाबून दोहोंतील फरक पाहिला. आपल्या दोन ओळी वाचनालयाच्या जाळ्याच्या पत्त्यांबद्दलच्या होत्या, म्हणून आपली ठेवली. नवी फाइल शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ हे शेपूट लावून उतरली आहे आणि ती सवडीने ताडून पाहायची आहे. काही न सुचल्यास नुसते एंटर दाबावे, तेव्हा आपलीच फाइल राहते.

‘ॲप्ट लिस्ट’ला ‘?ऑब्सोलीट’ देऊन, आता कोणत्याच रिपॉझिटरीत नसलेली पॅकेजे शोधली. प्रत्येक संगणकावर तीस ते चाळीस निघाली. ती वाचून, पटवून घेऊन काढली. ‘आरसी’ अवस्थेतल्या, म्हणजे पॅकेज गेले पण कॉन्फिगरेशन मागे राहिले अशा नोंदी ‘पर्ज’ केल्या, म्हणजे पुरत्या पुसल्या. वाचकांच्या चारही संगणकांवर ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ नाव घेऊन बसवले, म्हणजे मराठीची पॅकेजे कोणाच्या तरी आडून आलेली न राहता आपली मागणी म्हणून नोंदली जातील.

१५ डिसेंबर, रविवार

सातही संगणकांवर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ सुरू केले. ते केवळ सुरक्षा-दुरुस्त्या आणि डेबियनच्या स्थिर शाखेतील सुधारणा आपोआप बसवेल. संगणक स्वतःहून पुन्हा सुरू करण्याची मुभा त्याला दिलेली नाही, कारण वाचकाचा अर्ज अर्धा भरलेला असू शकतो. कर्नेल बदलल्यावर पुन्हा सुरू करण्याचे काम सोमवारी, साप्ताहिक सुटीच्या दिवशी करायचे. राउटरवर वेळेच्या सेवेसाठी वाट मोकळी केली. सातही घड्याळे जुळली आहेत.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक संगणकाची मागणी-यादी आणि ‘हिस्टरी.लॉग’ची प्रत संगणक ७ वर आणून ठेवते. स्क्रिप्टमध्ये ‘ॲप्ट’ऐवजी ‘ॲप्ट-गेट’ व ‘ॲप्ट-मार्क’ वापरले आहेत, कारण ‘ॲप्ट’ हा माणसांसाठी आहे आणि त्याचे छापण्याचे स्वरूप आवृत्तीगणिक बदलू शकते. स्क्रिप्टमध्ये वापरल्यास तो तसा इशाराही देतो.

बाकी कामे अशी : संगणक ७ वरील ‘डीपीकेजी-डिस्ट’ फाइल ताडणे, २३ डिसेंबरनंतर संगणक ५ वरचे पायथन ३.९ चे फोल्डर पुसणे, आणि संगणक २ ची बॅटरी बदलणे, कारण त्याचे घड्याळ बंद-चालू केल्यावर नऊ मिनिटे मागे पडते. पेन्सिलच्या याद्या विद्यार्थ्यांनी शाईने उतरवल्या. संगणक ५ वर आता ९४ मागण्या आहेत आणि त्यांतल्या ९१ पुढे कारण व तारीख आहे. उरलेल्या तिघांपुढे मॅडमनी ‘चौकशी चालू’ असे लिहून सही केली आणि वही दाखल नोंदवहीच्या कपाटात ठेवली.